कंपायलर चालत नाही, म्हणजे नेमकं काय चालत नाही?

जीसीसी या कंपायलरची चौदावी आवृत्ती मे २०२४ मध्ये आली, पंधरावी एप्रिल २०२५ मध्ये. लिनक्सच्या वेगवेगळ्या वितरणांनी त्या एकेक करून स्वीकारल्या आणि वर्षानुवर्षं बिनबोभाट बिल्ड होणाऱ्या, म्हणजे सोर्स कोडमधून तयार होणाऱ्या, बऱ्याच जुन्या लायब्रऱ्या (इतर प्रोग्रॅमांनी वापरायच्या फंक्शनांचे संच) अडून बसल्या. कोड तोच, आज्ञा त्याच, मशीनही तेच. पडद्यावर मात्र ‘सी कंपायलर कॅनॉट क्रिएट एक्झिक्युटेबल्स’ किंवा ‘अनेबल टु कॉन्फिगर विथ गिव्हन ऑप्शन्स’ अशी ओळ, आणि तिच्या वर न संपणारा मजकूर.

हे फक्त मुरलेल्या प्रोग्रॅमरांच्या वाट्याला येतं असं नाही. पायथॉनची नवीकोरी आवृत्ती टाकून कुणी सायपाय ही गणिती लायब्ररी इन्स्टॉल करायला गेलं आणि त्या आवृत्तीसाठी तयार पॅकेज अजून आलेलं नसलं, की पिप हे पायथॉनचं इन्स्टॉल करायचं साधन मुकाट्यानं सोर्स कोड उतरवून घेतं आणि तुमच्याच लॅपटॉपवर बिल्ड करू लागतं. विंडोजवर बहुधा कंपायलर नसतोच. मग सांख्यिकीचा प्रोजेक्ट करायला बसलेल्या विद्यार्थ्याला पहिल्यांदा कळतं की या कामासाठी फोर्ट्रान या जुन्या गणिती भाषेचा कंपायलरही लागतो.

अशा वेळी बहुतेक जण एररची शेवटची ओळ उचलून इंटरनेटवर शोधतात, पाच जणांनी सुचवलेले पाच फ्लॅग (आज्ञेला जोडायचे पर्याय) एकापाठोपाठ टाकतात आणि गुंता आणखी वाढवतात. माझ्या मते मूळ गफलत इथेच होते. ती शेवटची ओळ हा निष्कर्ष असतो, कारण नसतं. कारण त्याच फोल्डरमधल्या एका फाइलीत आधीच लिहिलेलं असतं. ती फाइल कशी वाचायची हे कळलं तर या एररपैकी बऱ्याचशा तिथेच सुटतात. (आज्ञा, फ्लॅग आणि फाइलींची नावं इथे देवनागरीत दिली आहेत, टाइप अर्थातच रोमनमध्ये करायची.)

## कोण काय करतं

कंपायलर म्हणजे आपण लिहिलेल्या कोडचं प्रोसेसरला कळणाऱ्या सूचनांमध्ये रूपांतर करणारा प्रोग्रॅम. तो एकेक फाइल सुटी घेतो आणि तिची ऑब्जेक्ट फाइल करतो. त्या फाइलीत दुसरीकडचं एखादं फंक्शन वापरलेलं असेल, तर तो नुसतं नाव लिहितो आणि जागा मोकळी सोडतो. या मोकळ्या जागा भरायचं काम लिंकरचं. सगळ्या ऑब्जेक्ट फाइली आणि लायब्रऱ्या समोर घेऊन कुठलं नाव कुठे आहे हे तो शोधतो आणि जोडून देतो. प्रोग्रॅम सुरू होताना शेअर्ड लायब्रऱ्या शोधून मेमरीत आणणारा तिसरा गडी म्हणजे लोडर. हेडर फाइलीत फंक्शनची फक्त ओळख असते: नाव काय, घेतं काय, परत देतं काय. प्रत्यक्ष काम लायब्ररीत.

तिघांची तक्रार करायची भाषा वेगवेगळी आहे. हेडरच्या नावापुढे ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ असं दिसलं तर बोलणारा कंपायलर. ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ म्हणतो तो लिंकर. ‘एरर व्हाइल लोडिंग शेअर्ड लायब्ररीज’ हे लोडरचं वाक्य. लिंकरच्या तक्रारीवर हेडरचा रस्ता दाखवून काहीही होत नाही, तरी लोक तासन्‌तास तेच करत बसतात.

## गणिताला दोन भाषा कशाला?

पायथॉनच्या नमपाय या लायब्ररीत समीकरणांचा संच सोडवणारं ‘सॉल्व्ह’ हे फंक्शन तुम्ही वापरता, तेव्हा शेवटी काम करतो लॅपॅक या लायब्ररीतला ‘डीजीईएसव्ही’ हा फोर्ट्रान पद्धतीचा भाग. लॅपॅकची पहिली आवृत्ती १९९२ ची. तिच्या पायाशी ब्लास आहे. सदिशांचे गुणाकार, बेरजा अशा प्राथमिक क्रियांचा हा संच पहिल्यांदा प्रसिद्ध झाला १९७९ मध्ये. ओपनब्लास, इंटेलची एमकेएल, ॲपलची ॲक्सेलरेट या सगळ्या त्याच फंक्शनांच्या वेगवान आवृत्त्या आहेत. नावं आणि क्रम तोच ठेवलेला. अमेरिकेतल्या अरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत घडलेली पेट्सी ही मोठमोठी विकलक समीकरणं सोडवणारी लायब्ररी सी मध्ये लिहिलेली आहे, पण तिलाही लॅपॅक आणि ब्लास लागतातच.

म्हणजे सी मधून फोर्ट्रानला हाक मारायची. फोर्ट्रानला लहान आणि मोठी लिपी सारखीच, म्हणून लिंकरसाठी नाव कसं लिहायचं हे प्रत्येक कंपायलरनं आपापल्या मनानं ठरवलं. जीसीसीचा फोर्ट्रान कंपायलर जीफोर्ट्रान सगळं लहान लिपीत करून शेवटी एक अंडरस्कोर लावतो. एआयएक्सवरचा आयबीएमचा कंपायलर अंडरस्कोर लावत नाही. क्रे यंत्रांवर नावं मोठ्या लिपीत असत. जीफोर्ट्रानच्या आधीचा जुना जी-सेव्हन्टीसेव्हन तर नावात आधीच अंडरस्कोर असला की शेवटी दोन लावायचा. ‘अनडिफाइन्ड रेफरन्स टु डीजेम-अंडरस्कोर’ ही जगभर सगळ्यांनी पाहिलेली एरर याच कुळातली.

या संसारात आणखीही छुप्या अटी आहेत. फोर्ट्रानला अक्षरांची माळ दिली की तिची लांबी सांगणारा एक अदृश्य आकडा सोबत द्यावा लागतो. सी मधून लॅपॅकला हाक मारणारे कित्येक प्रोग्रॅम तो द्यायचेच नाहीत, आणि दशकानुदशकं खपून गेलं. २०१९ मध्ये जीफोर्ट्रानच्या नव्या आवृत्तीनं एक वेगवर्धक युक्ती वापरायला सुरुवात केली आणि सांख्यिकीवाल्यांच्या ‘आर’ भाषेतले लॅपॅकचे भाग कोलमडू लागले. शेवटी जीसीसीनं त्यासाठी खास पळवाटेचा फ्लॅग दिला आणि आर नं आपला कोड सुधारला. चूक जुनी होती, उघडी नवीन कंपायलरनं पाडली. हा प्रकार पुढे पुन्हा येणार आहे.

## ‘कॉन्फिगर’ नेमकं करतं काय?

प्रत्येक मशीनवर कंपायलर वेगळा, लायब्रऱ्यांच्या जागा वेगळ्या, नावांच्या रीती वेगळ्या. म्हणून बिल्डच्या आधी एक स्क्रिप्ट चालवायची पद्धत पडली. ऑटोकॉन्फ हे साधन १९९१ मध्ये आलं. त्यातून तयार होणारी ‘कॉन्फिगर’ स्क्रिप्ट अजूनही शेकडो लायब्रऱ्यांत आहे. पेट्सीची कॉन्फिगर पायथॉनमध्ये लिहिलेली आहे. सीमेक आणि मेसॉन ही नवी साधनं. तत्त्व सगळ्यांचं एकच: विचारत बसायचं नाही, करून बघायचं.

लग्नघरी आलेला आचारी भाजी चिरायला घेण्याआधी शेगडी पेटवून तिच्यावर चहाचं आधण ठेवून बघतो, तसं हे आहे. कॉन्फिगर दोन-चार ओळींचा टीचभर प्रोग्रॅम लिहितं, कंपाइल करतं, लिंक करतं, चालवून बघतं. चहा झाला तर शेगडी ठीक. नाही झाला तर आचारी ओरडतो, ‘शेगडी चालत नाही!’ आता सिलिंडर रिकामा असेल, रेग्युलेटर बंद असेल, काडेपेटी सादळली असेल किंवा पातेल्यालाच भोक असेल. त्याच्या दृष्टीनं सगळ्याचा निष्कर्ष एकच. ‘सी कंपायलर एक्झिक्युटेबल तयार करू शकत नाही’ हे वाक्य अगदी असंच आहे. कंपायलर बिघडलेला असण्याची शक्यता त्यात सगळ्यात कमी.

## उत्तर लॉगमध्ये असतं, पण शेवटी नाही

ऑटोकॉन्फच्या स्क्रिप्टचा वृत्तांत ‘कॉन्फिग डॉट लॉग’ या फाइलीत उतरतो, पेट्सीचा ‘कॉन्फिगर डॉट लॉग’ मध्ये. सीमेकच्या जुन्या आवृत्त्या ‘सीमेकएरर डॉट लॉग’ ठेवायच्या, ३.२६ पासून ‘सीमेककॉन्फिगरलॉग डॉट यामल’ ठेवतात. चाचणीसाठी कुठली आज्ञा चालवली, तिला काय उत्तर आलं, फसलेला छोटा प्रोग्रॅम कोणता, सगळं त्यात शब्दशः असतं.

ही फाइल उघडून लोक थेट तळाशी जातात आणि तिथे त्यांना स्क्रिप्टनं गोळा केलेल्या चलांची भलीमोठी यादी दिसते, जिचा एररशी संबंध नसतो. काही जण ‘एरर’ हा शब्द शोधतात, आणि त्यांची आणखी दिशाभूल होते. कारण लॉगमधल्या पुष्कळ एरर मुद्दाम ओढवलेल्या असतात. ऑटोकॉन्फ सुरुवातीलाच कंपायलरला त्याची आवृत्ती अनेक वेगवेगळ्या पद्धतींनी विचारतं, कारण वेगवेगळ्या कंपन्यांचे कंपायलर वेगवेगळ्या पद्धतींना उत्तर देतात. जीसीसीला त्यातल्या काही कळत नाहीत, म्हणून ‘अनरेकग्नाइज्ड कमांड-लाइन ऑप्शन’ अशी तक्रार प्रत्येक निरोगी मशीनच्या लॉगमध्येही असते. ती पाहून ‘माझा जीसीसी खराब आहे’ म्हणून तो पुन्हा इन्स्टॉल करणारे खूप.

बरोबर पद्धत अशी. पडद्यावर जे वाक्य दिसलं, नेमकं तेच लॉगमध्ये शोधायचं आणि तिथून वर सरकायचं. काही ओळी वर ‘फेल्ड प्रोग्रॅम वॉज’ असं लिहिलेलं सापडेल. त्याच्याही वर कंपायलरचं किंवा लिंकरचं स्वतःचं वाक्य असतं आणि त्याच्या वर चालवलेली पूर्ण आज्ञा. ती आज्ञा उचलायची, तोच छोटा प्रोग्रॅम एका फाइलीत उतरवायचा आणि टर्मिनलवर हातानं चालवून बघायचा. आता हजारो ओळींच्या लायब्ररीची भानगड राहिली नाही. पाच ओळींचा प्रोग्रॅम आणि एक आज्ञा उरली. त्यातला एकेक फ्लॅग काढत गेलं की गुन्हेगार सापडतो.

तिथे काय सापडतं? बऱ्याचदा ‘सीफ्लॅग्ज’ किंवा ‘एलडीफ्लॅग्ज’ या एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलमध्ये (टर्मिनल प्रत्येक प्रोग्रॅमला आपोआप पुरवतं त्या सेटिंगमध्ये) कधीकाळी कुणीतरी लिहून ठेवलेला फ्लॅग. इंटेलच्या कंपायलरचा फ्लॅग जीसीसीला दिलेला, किंवा आता अस्तित्वातच नसलेल्या लायब्ररीचं नाव. कधी लिंकर म्हणतो, ‘सीआरटी-वन डॉट ओ’ सापडत नाही; म्हणजे कंपायलर आहे पण सी च्या मूळ लायब्ररीचं डेव्हलपमेंट पॅकेज टाकलेलं नाही. डेबियन आणि उबुंटूवर ‘बिल्ड-इसेन्शियल’ टाकलं की हे मिटतं, पण त्यात जीफोर्ट्रान येत नाही, तो वेगळा घ्यावा लागतो. मॅकवर ऑपरेटिंग सिस्टिम अपडेट झाली की ‘इन्व्हॅलिड ॲक्टिव्ह डेव्हलपर पाथ’ अशी ओळ येते आणि कमांड लाइन टूल्स नव्यानं टाकावी लागतात. मॅकवर ‘जीसीसी’ असं टाइप केल्यावर चालतो तो खरं तर क्लँग हा वेगळाच कंपायलर, हेही इथेच कळतं. ॲपलच्या क्लँगला ओपनएमपीचा (एकाच मशीनच्या अनेक कोरवर काम वाटण्याच्या पद्धतीचा) नेहमीचा फ्लॅग चालत नाही, म्हणून लिनक्सवरच्या सूचना मॅकवर जशाच्या तशा वापरणाऱ्याची फजिती होते.

एक वेगळी एरर मुद्दाम सांगण्यासारखी आहे: ‘कॅनॉट रन सी कंपाइल्ड प्रोग्रॅम्स’, आणि पुढे क्रॉस-कंपाइल (दुसऱ्या प्रकारच्या मशीनसाठी कंपाइल) करत असाल तर ‘होस्ट’ हा पर्याय द्या असा सल्ला. सल्ला वाचून लोक खरोखरच ‘होस्ट’ देतात, स्क्रिप्ट चालवून बघायचं सोडून देते, आणि एरर नाहीशी होते. दुखणं मात्र तसंच राहतं. या वाक्याचा अर्थ, कंपाइल झालं, लिंकही झालं, पण तयार प्रोग्रॅम चालला नाही. नव्वद टक्के वेळा म्हणावं तर आकडा माझा होईल, पण मला तरी बहुतेक वेळा हा लोडरचाच घोळ दिसला आहे: लिंक करताना लायब्ररीचा रस्ता दिला, चालवताना तो कुणी सांगितलाच नाही. ‘एलडीडी’ ही आज्ञा त्या प्रोग्रॅमवर चालवली की कुठल्या लायब्ररीपुढे ‘नॉट फाउंड’ आहे ते दिसतं.

## नाव आहे, तरी सापडत नाही

‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ आली की लायब्ररीच नाही असं समजू नका. ‘एनएम’ ही आज्ञा लायब्ररीतली नावं दाखवते. नावापुढे टी असेल तर ते फंक्शन तिथे आहे, यू असेल तर ती लायब्ररी स्वतःच ते दुसरीकडून मागते आहे. अंडरस्कोर आहे की नाही, तेही इथेच दिसतं.

नाव आहे आणि तरी लिंकर रडतोय, तर क्रम बघा. स्टॅटिक, म्हणजे लिंक करतानाच प्रोग्रॅममध्ये कायमच्या उतरणाऱ्या, लायब्रऱ्यांच्या बाबतीत लिंकर डावीकडून उजवीकडे एकदाच जातो आणि त्या क्षणी ज्याची गरज आहे तेवढंच उचलतो. लॅपॅकला ब्लास लागतं, ब्लासला जीफोर्ट्रानची लायब्ररी, तिला गणिताची ‘एम’. म्हणून लिहायचा क्रमही तोच. ब्लास आधी लिहिलं तर लिंकर तिथून जाताना ‘सध्या काही नको’ म्हणून पुढे जातो आणि लॅपॅकनं मागितल्यावर मागे वळत नाही.

जीफोर्ट्रानच्या या सोबतच्या लायब्ररीचा आवृत्ती क्रमांकही बदलत आला आहे: जीसीसी ६ पर्यंत ३, जीसीसी ७ मध्ये ४, जीसीसी ८ पासून ५. जुन्या मशीनवर बांधलेलं लॅपॅक नव्या मशीनवर नुसतं कॉपी केलं की ती तीन क्रमांकाची फाइल मागत राहतं. तीन क्रमांकाच्या नावानं पाच क्रमांकाच्या फाइलीचा दुवा करून देण्याचा जुगाड सर्रास सुचवला जातो. तो करू नये. क्रमांक बदलला आहे, तो आतला करार बदलला म्हणूनच.

## मग काल चालत होतं ते आज का नाही?

मे २०२० मध्ये जीसीसी १० आला आणि जीफोर्ट्रान एका बाबतीत कडक झाला. एकाच फाइलीत एखाद्या फंक्शनला एकदा पूर्णांक आणि दुसऱ्यांदा दशांशी संख्या दिली तर तोवर इशारा मिळे, आता एरर. पण समांतर गणनेसाठी वापरली जाणारी एमपीआय ही पद्धत नेमकी तशीच वापरली जाते: तोच ‘सेंड’, कधी पूर्णांकांची रांग पाठवायला, कधी दशांशी संख्यांची. एमपिच या लायब्ररीची कॉन्फिगर तेव्हा स्पष्ट सांगायची की हा फोर्ट्रान कंपायलर एकाच रूटीनला वेगवेगळ्या प्रकारची माहिती देऊ देत नाही. तोडगा म्हणजे ‘एफ-अलाउ-आर्ग्युमेंट-मिसमॅच’ हा फ्लॅग. एमपिचच्या पुढच्या आवृत्त्यांनी हे स्वतःच हाताळलं.

जीसीसी १४ नं सी बद्दल तेच केलं. हेडर न घेता फंक्शन वापरलं तर कंपायलर पूर्वी ‘असेल कुठेतरी, पूर्णांक देत असेल’ असं गृहीत धरायचा. सी च्या १९९९ च्या मानकानं ही सवलत काढली होती. जीसीसीनं ती पंचवीस वर्षं चालू ठेवली आणि २०२४ मध्ये एरर केली. क्लँगनं हे आधीच केलं होतं. मग जीसीसी १५ नं सी २३ हे मानक डिफॉल्ट केलं, ज्यात फंक्शनचे कंस रिकामे असतील तर ‘काहीच घेत नाही’ असा अर्थ होतो. जुन्या कोडमध्ये त्याचा अर्थ ‘काय घेतो ते सांगितलेलं नाही’ असा होता.

यातला खरा काटा कोडमध्ये नसून कॉन्फिगरमध्ये आहे. जुन्या स्क्रिप्टमधले चाचणीचे टीचभर प्रोग्रॅम स्वतःच हेडर न घेता लिहिलेले असतात. कडक कंपायलरवर ते फसतात, आणि स्क्रिप्ट ओरडत नाही. ती शांतपणे लिहिते, ‘हे फंक्शन आहे का? नाही,’ आणि पुढे जाते. फंक्शन मशीनवर असतं, तरी लायब्ररी ‘नाही’ धरून बिल्ड होते: एखादी सोय बंद, एखादा हळू पर्याय चालू. एरर कुठेच नाही. फेडोरा या लिनक्स वितरणाच्या मंडळींनी या बदलासाठी हजारो पॅकेजं आधीच तपासायला घेतली, ती मुख्यतः या मूक चुकांच्या भीतीनं. आपल्यापुरता उपाय साधा आहे. नवा कंपायलर घेतल्यावर कॉन्फिगरच्या शेवटचा सारांश वाचायचा आणि जिथे ‘नो’ अनपेक्षित वाटतो, तिथला लॉग बघायचा.

## एरर दडपायचा फ्लॅग टाकला तर काय बिघडलं?

फ्लॅग नेमका कशासाठी आहे हे माहीत असेल तर काहीच नाही. जुनी लायब्ररी, बंद पडलेला प्रकल्प, उद्या सकाळी निकाल हवा. अशा वेळी ‘अलाउ-आर्ग्युमेंट-मिसमॅच’ टाकावा, किंवा जुनं मानक मागावं. पण जीसीसी १४ नं ज्यांना एरर केलं त्यात विसंगत पॉइंटरही (मेमरीतला पत्ता एका प्रकारच्या माहितीचा, वापर दुसऱ्या प्रकारचा) आहेत, आणि गणिती कोडमध्ये विसंगत पॉइंटर म्हणजे बऱ्याचदा आठ बाइटच्या जागी चार बाइट वाचणं. तो इशारा दडपला तर प्रोग्रॅम चालेल. काय मोजेल, ते वेगळं. शक्य असेल तेव्हा आधी लायब्ररीची नवी आवृत्ती बघावी. बहुधा दुरुस्ती तिथे झालेली असते.

## दोन घरचे पाहुणे

एकाच मशीनवर दोन-तीन कंपायलर असणं हे आता नेहमीचं झालं आहे. सिस्टिमचा जीसीसी, कोंडा या पॅकेज साधनाच्या एन्व्हायर्न्मेंटमधला वेगळा, वर इंटेलचा. कोंडा चालू असताना त्याचा रस्ता ‘पाथ’ मध्ये (आज्ञा शोधायच्या जागांच्या यादीत) पुढे येतो. मग सी चा कंपायलर कोंडाचा, फोर्ट्रानचा सिस्टिमचा आणि एमपीआय तिसरीकडचं, अशी खिचडी होते. पेट्सीची कॉन्फिगर सी आणि फोर्ट्रानच्या ऑब्जेक्ट फाइली एकमेकांशी लिंक होतात का हे तपासते, आणि अशा वेळी नेमकी तिथे अडते. अडते हे चांगलंच.

‘एमपीआय-सीसी’ हा स्वतः कंपायलर नाही. तो आतल्या कंपायलरला योग्य फ्लॅग देणारा मध्यस्थ आहे. एमपिचवर ‘शो’ आणि ओपन एमपीआयवर ‘शो-मी’ हा पर्याय दिला की आत कोण बसलंय ते कळतं. पेट्सीला एकतर तयार मध्यस्थ द्यावा, किंवा ‘विथ-सीसी’, ‘विथ-एफसी’ नं नुसते कंपायलर सांगून ‘डाउनलोड-एमपिच’ आणि ‘डाउनलोड-एफब्लासलॅपॅक’ म्हणावं, म्हणजे ती सगळं एकाच कंपायलरनं बांधून घेते. वेळ लागतो, पण डोकेदुखी वाचते.

आणि जुनं फोल्डर पुसा. सीमेक पहिल्यांदा सापडलेला कंपायलर ‘सीमेककॅश’ फाइलीत नोंदवतं आणि नंतर ‘सीसी’ बदललं तरी ढुंकून बघत नाही. तुम्ही बदल करत राहता आणि ते जुन्याच उत्तरावर ठाम.

## तयार पॅकेज घ्यायला काय हरकत?

काहीच हरकत नाही. वर्गातला प्रोजेक्ट असेल, लॅपटॉपवरचं काम असेल, तर सायपायसाठी एक आवृत्ती जुना पायथॉन वापरणं हा सगळ्यात शहाणा मार्ग आहे. स्वतः बिल्ड करण्याची वेळ येते ती मोठ्या यंत्रांवर. पुण्याच्या सी-डॅकनं उभारलेल्या परम मालिकेतली यंत्रं घ्या, म्हणजे आयसर पुण्यातली परम ब्रह्म वगैरे. अशा क्लस्टरवर (जोडलेल्या अनेक मशीनच्या समूहावर) प्रशासकाचे अधिकार नसतात, तिथल्या नेटवर्कला साजेसंच एमपीआय वापरावं लागतं आणि कंपायलर ‘मॉड्यूल लोड’ करून घ्यायचे असतात. बिल्डच्या वेळी लोड केलेली मॉड्यूल्स जॉबच्या स्क्रिप्टमध्ये पुन्हा लोड केली नाहीत, तर वरचाच लोडरचा घोळ. लॉगिनच्या मशीनवर ‘मार्च-नेटिव्ह’ फ्लॅगनं बिल्ड केलं आणि आतल्या मशीनचा प्रोसेसर वेगळा निघाला, तर ‘इललीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून प्रोग्रॅम आपटतो.

मदत मागताना, माणसाकडे मागा की चॅटबॉटकडे, शेवटची ओळ पाठवून उपयोग नाही. पेट्सीचे लोक तर पूर्ण कॉन्फिगर डॉट लॉगच मागतात. जास्तीत जास्त काटछाट करायची तर आज्ञा, कंपायलरचं उत्तर आणि फसलेला छोटा प्रोग्रॅम एवढं तरी असावं.

## कॉन्फिगर पास झालं, म्हणजे उत्तरं बरोबर?

नाही, आणि गणिती लायब्ररी इतर सॉफ्टवेअरपेक्षा इथेच वेगळी पडते. लायब्ररीत एखादं फंक्शन आहे का हे बघताना ऑटोकॉन्फची नेहमीची चाचणी त्याची खोटीच ओळख लिहिते: काहीही न घेणारं आणि एक अक्षर परत देणारं. लिंकरला नाव सापडलं की ‘येस’. ते फंक्शन किती बाइटचे पूर्णांक घेतं, उत्तर कसं परत करतं, याची चौकशी होतच नाही.

ब्लासच्या नेहमीच्या आवृत्तीत पूर्णांक ३२ बिटांचे असतात, म्हणजे २,१४,७४,८३,६४७ पर्यंत. ४६,३४१ ओळी आणि तितकेच स्तंभ असलेल्या मॅट्रिक्समधले घटक मोजले तर हा आकडा ओलांडला जातो. म्हणून ६४ बिटांची वेगळी आवृत्ती असते. दोन्हींत नावं सारखीच असली आणि चुकीची जोडली गेली, तर लिंकर हूं की चूं करत नाही. ओपनब्लास ६४ बिटांसाठी बांधताना नावांना वेगळं शेपूट लावायची सोय याचसाठी आहे, आणि ती वापरावी.

दुसरं उदाहरण ॲपलच्या ॲक्सेलरेटचं. तिथली काही फंक्शनं उत्तर परत देताना जुन्या एफ-टू-सी रीतीनं वागायची: एकेरी अचूकतेचं (चार बाइटचं) उत्तर दुहेरीत (आठ बाइटमध्ये). जीफोर्ट्रानची रीत वेगळी. लिंक व्यवस्थित, प्रोग्रॅमही चालतो, एकेरी अचूकतेचा बिंदुगुणाकार मात्र भलताच. सायपायनं काही काळ ॲक्सेलरेटचा आधारच काढून टाकला होता, मॅकओएस १३.३ मध्ये ॲपलनं नवी रूपं दिल्यावर तो परत आला. कॉम्प्लेक्स संख्यांच्या ‘झेडडॉटसी’ची रीत इंटेल आणि जीफोर्ट्रानमध्ये वेगळी आहे, म्हणूनच एमकेएलमध्ये इंटेलसाठी एक आणि जीफोर्ट्रानसाठी दुसरी अशा दोन जोडलायब्रऱ्या असतात. चुकीची घेतली तर बहुधा प्रोग्रॅम कोसळतो. त्यातल्या त्यात बरं.

वेगाच्या फ्लॅगचंही असंच. ‘फास्ट-मॅथ’ टाकला की कंपायलर बेरजांचा क्रम बदलतो आणि ‘नॉट अ नंबर’ कधी येणारच नाही असं धरून चालतो. मग कोडमधली ती तपासणीच गायब होऊ शकते. लॅपॅकमध्ये मशीनची अचूकता शोधून काढणारी ‘डीलॅमच’ ही फाइल आहे. तिची जुनी आवृत्ती प्रत्यक्ष आकडेमोड करून ती शोधायची, आणि ऑप्टिमायझेशन चालू असलं तर कंपायलर ती आकडेमोडच मोडीत काढायचा. म्हणून लॅपॅकच्या बिल्डमध्ये तेवढ्या फाइलींसाठी ‘नो-ऑप्ट’ अशी वेगळी ओळ असे. सगळ्या फाइलींना एकच आक्रमक फ्लॅग लावणाऱ्यांनी ती ओळ खोडली, की लॅपॅकच्या चाचण्यांमध्ये चुका दिसू लागायच्या.

लॅपॅकसोबत त्या चाचण्यांचा मोठा संच येतो, आणि प्रत्येक चाचणी उत्तरातली चूक ठरलेल्या मर्यादेशी ताडून बघते. पेट्सीमध्ये ‘मेक चेक’ आहे, सायपायमध्ये ‘टेस्ट’. त्यांना थोडा वेळ लागतो, म्हणून बिल्ड पूर्ण झाल्याच्या आनंदात त्या वगळल्या जातात. ३२ आणि ६४ बिटांची गल्लत, ॲक्सेलरेटची रीत, डीलॅमचवरचा फ्लॅग: यातलं एकही कॉन्फिगरच्या लॉगमध्ये दिसत नाही. दिसलंच तर या चाचण्यांमध्ये दिसतं.